तुझ्या नावापुढं कंस नको

किसन, लेका, परवा तुझ्या शोकसभेत मी भांडलो.

शोकसभेत भांडू नये हे मलाही कळतं. पण तू असतास तर माझ्या आधी तूच उठला असतास. तू नव्हतास, म्हणून मला उठावं लागलं. घसा अजून बसलेलाच आहे. तिथं जे धड बोलता आलं नाही ते इथं लिहायला बसलोय. हात कुस्तीचा, लिहिण्याचा नाही. तू पेटी पुढं ओढून दोन ओळींत मोकळा झाला असतास, मला लांबण लागणार. ऐकून घे, आता तुला कुठली ड्यूटी गाठायची आहे?

भांडण कशावरून ते आधी सांगतो. पूर्णेतल्या आपल्या जत्रेच्या मैदानात ज्या ओट्यावर तू आयुष्यभर गायलास, त्या ओट्याला तुझं नाव द्यायचं मैदानाच्या समितीनं ठरवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला भरून आलं. मग समितीचे भगवानराव उठले. माणूस वाईट नाही, तुझ्या मयतीला शेवटपर्यंत थांबले होते. ते म्हणाले, "नाव द्यायलाच पायजे. पण पैलवान जिता हाय. नुसतं किसन गायकवाड लिव्हलं तर लोकं म्हणतील पैलवानच गेला. घोटाळा नको. कंसात 'वस्ती' लिहू."

पुन्हा सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता तूच सांग, मी गप्प बसायचं होतं का?

पूर्णेत आपण तिघं किसन गायकवाड. मी तालमीतला. तू रेल्वेत पॉइंट्समन, आणि ड्यूटी सुटली की तुझी गायन पार्टी. तिसरे ढोरांचे डॉक्टर, मानवतकडून बदलून आलेले. त्या डॉक्टरांपायी माझ्या अंगणात किती बैल बांधले गेले! एका म्हाताऱ्यानं तर मी तोंड धुवायच्या आत पोट फुगलेली म्हैस दारात आणून उभी केली. म्हणाला, "डॉक्टर, आधी हात घाला, मग चा प्या." मी म्हटलं, "बाबा, मी माणसं पाडतो, म्हशी न्हाई." त्याला ते पटेना. शेवटी मीच दावं धरून म्हैस डॉक्टरांकडं नेली. तुझ्या दारात कुस्तीचे निरोप यायचे, आणि डॉक्टरांना एकदा कुणीतरी बारशाला गाणं म्हणायला बोलावलं होतं. त्यावर तू किती दिवस हसत होतास.

घोटाळा टाळायचा म्हणून लोकांनी आपल्याला खुणा वाटून दिल्या. ते झाले डॉक्टर किसन. मी झालो पैलवान किसन. आणि तुझा आवाज जिल्हाभर ओळखत होते, तुझ्या कार्यक्रमाला माणसं बैलगाड्या जुंपून यायची, तरी तू झालास वस्तीतला किसन. डॉक्टरांना त्यांचं काम लागलं, मला माझं काम लागलं. तुला तेवढं तुझं घर लागलं.

"तुला कुणी गावातला किसन म्हणतं का रे?" तू मला विचारायचास.

"सोड की. लोकं बोलतेत."

"लोकं बोलतेत म्हणूनच इचारायलोय."

हा वाद आपण किती वेळा घातला असेल! स्टेशनासमोरच्या हॉटेलात, माझ्या शेतात, तुझ्या पोरीच्या लग्नात हळद लागत असतानासुद्धा. तू कधी थकला नाहीस. मीच वैतागून चहा मागवायचो.

आपली भेट तरी कशी झाली! पालमकडच्या एका गावात चैत्रात जत्रा होती, आणि त्याच दिवशी शेजारच्या गावच्या वस्तीत जयंती. जत्रेवाल्यांना मी हवा होतो, वस्तीला तू. आपल्याकडं निरोप धाडायची पद्धत म्हणजे एसटीचा कंडक्टर. दोन्ही गावांनी त्याच्याजवळ सांगितलं, "पूर्ण्याच्या किसन गायकवाडाला सांगा, कार्यक्रम हाय, या म्हणावं." त्या भल्या माणसानं दोन्ही निरोप पोचवले, फक्त अदलाबदल करून.

मी पिशवीत लंगोट घेऊन गेलो. बघतो तर निळ्या पताका, पुढं बायाबापड्या, पोरं, आणि ओट्यावर पेटी. मला हार घातला. पेटीसमोर बसवलं. पहिल्याच रांगेत एक आजी बसली होती. ती म्हणाली, "म्हण बाबा, लय लांबून आलोय तुला ऐकायला." मी म्हटलं, "आजी, मला गाता येत न्हाई." "मंग काय येतं?" आता काय सांगू? शर्ट काढला आणि ओट्यावर बैठका मारायला सुरुवात केली. पोरं मोठमोठ्यानं मोजायला लागली. आजी हसून हसून रडायला लागली. त्या लोकांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. माझ्या घरात तोवर कुणी वस्तीत जेवलं नव्हतं. मी पोटभर जेवलो, आणि घरी जाऊन सांगितलंही.

तिकडं तू आखाड्यात उभा. हाडं आणि आवाज, बाकी अंगावर काय होतं तुझ्या? पंचानं हाळी दिली, "पूर्ण्याचे नामांकित मल्ल!" हलगी कडाडली. तू पुढं होऊन म्हणालास, "माझी कुस्ती पेटीसंगं असते." मैदान खदाखदा हसलं. लोकांनी तुला तिथंच एक गाणं म्हणायला लावलं, शिट्ट्या मारल्या. मग कुणीतरी विचारलं, "तुमी कुठले गायकवाड?" तू खरं ते सांगितलंस. हसू तिथंच थांबलं. चहा आला तो वेगळ्या कपात. तू तो प्यायला नाहीस, कप तसाच मांडवाच्या खांबाजवळ ठेवलास आणि चालत पालम गाठलंस.

संध्याकाळी पालमच्या स्टँडवर आपण एकाच बाकावर बसलो होतो. दोघंही कंडक्टरच्या नावानं बोटं मोडत.

"कुठले पाव्हणे?" मी विचारलं.

"पूर्ण्याचा. किसन गायकवाड."

"ए, थट्टा करायलास का माझी?"

"थट्टा तर माझी झाली दिवसभर," तू म्हणालास, आणि सगळं सांगितलंस, कपासकट. तुझ्या आवाजात रडगाणं नव्हतं. तुला राग आला होता आणि तो तू लपवला नाहीस. मी जेवून आलो आणि तू उपाशी, एकाच नावावर. गाडी आली तेव्हा तू म्हणालास, "पैलवान, पुढच्या साली मला जत्रेत गायला बोलावतील. बघशील तू." पुढच्या साली नाही बोलावलं. त्याच्या पुढच्या सालीही नाही. पण तू दर चैत्रात कुणाकरवी तरी निरोप धाडायचास, "मी येऊ का?" शेवटी कंटाळून का होईना, त्यांनी बोलावलं. तू त्या मैदानात असा गायलास की पंच स्वतः कप घेऊन आला. मी शेजारीच होतो. तू आधी माझा कप बघितलास, मग तुझा, आणि दोन्ही सारखे आहेत हे बघूनच तोंडाला लावलास. अशी चिकाटी मी तालमीतसुद्धा बघितली नाही.

आपली ओळख झाली त्याच साली पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. तुझं ते गाणं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं, "नाव लिहा रे नाव लिहा, दारावरती नाव लिहा." वस्त्यांमधून लोक ते म्हणायचे, म्हणून काहीजणांच्या डोळ्यांत तू सलत होतास. एका दुपारी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं तालमीसमोर उतरली. बाहेरगावची. हातात काठ्या, रॉकेलचा डबा. त्यातला एकजण म्हणाला, "किसन गायकवाड कुठं राहतो?"

मी अंगाला माती लावून उभा होतो. म्हटलं, "मीच."

"नावाची गाणी म्हणतो त्यो?"

"मीच."

"म्हणून दाखव बरं."

दोस्ता, मी उभ्या आयुष्यात आरतीसुद्धा सुरात म्हटलेली नाही. पण छाती भरून तुझं गाणं म्हटलं. रेड्यानं रेकावं तसा आवाज निघाला असेल. माझी पोरं मागं आखाड्यात दंड थोपटून उभी राहिली. गाणं अर्ध्यावर आलं आणि ट्रॉलीतल्या एकानं मला ओळखलं. "आरं, ह्यो तर आपला पैलवान! ह्याला येड लागलंय का?" ते शिव्या देत निघून गेले. पूर्णेतून गेले, पण दुसऱ्या गावात तुझ्या बहिणीचं घर जळालंच. तिथं कुणी पैलवान नव्हता.

मला वाटलं, तू मला मिठी मारशील. तू आलास, हॉटेलात बसलास, आणि म्हणालास, "तू माझ्यासाठी उभा राहिलास, ते मी मरेपतुर इसरणार न्हाई. पण एक सांगू का? तू एक दुपार किसन गायकवाड झालास. अंग धुतलंस की परत पैलवान. मी अंग धुऊन बी तोच राहतो."

मला राग आला. लय राग आला. मी म्हटलं, "आता काय मी जीव द्यायला पायजे होता का?" तू म्हणालास, "जीव नको. नुसतं ऐक." आणि मी उठून गेलो. चार दिवसांनी तूच आलास, बहिणीच्या पोरांसाठी ज्वारी मागायला. मी पोतं उचललं, तू दुसऱ्या टोकाला हात लावलास. वाद मिटला नाही. पोतं मात्र पोचलं.

मग तू रेल्वेतून रिटायर झालास आणि निवडणुकीला उभा राहिलास. आपल्या भागात जुनी युक्ती आहे, एखाद्याला पाडायचं असलं की त्याच्याच नावाचा दुसरा माणूस उभा करायचा आणि मतं फोडायची. माझ्याकडं मंडळी आली. फेटा, हार सगळं घेऊनच आली. मी त्यांना तालमीच्या दारातूनच परतवून लावलं. मोठ्या ऐटीत तुला सांगायला आलो, तर तू म्हणतोस, "उभं राहायचं होतंस की. मी पाडलं असतं तुला." आणि पडलास तूच. निकालाच्या दिवशी माझ्या खांद्यावर हात टाकून हसत होतास, "बघ, मला पाडायला तुझी गरज न्हाई लागत." काय माणूस होतास रे तू! मी तुझ्यावर एवढा चिडायचो आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याशिवाय चहा गोड लागायचा नाही.

आपल्या घरातली गंमत आता सारखी आठवते. माझी कौसल्या नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून तिला तुझंही नाव घेता यायचं नाही. तू तिच्यासाठी पेटीवाले भाऊ. तुझ्या सुमनवहिनीचं तेच, मी तालमीवाले भाऊ. तू म्हणायचास, "बाहेर मला वस्तीतला म्हणतेत, घरात अहो म्हणतेत. माझं नाव घ्यायला मलाच आरशापुढं उभं राहावं लागतं." तुला दवाखान्यात भरती केलं, तेव्हा नाव लिहून घेणाऱ्यानं पेशंटचं नाव विचारलं, तर वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या. मी सांगितलं. "आणि तुमचं?" मी परत तेच सांगितलं. तो म्हणाला, "अहो, पेशंटचं न्हाई, तुमचं इचारायलोय." तेवढ्या कळांमध्येही तू खाटेवर हसलास.

यंदाच्या संक्रांतीला तू त्याच खाटेवर होतास. रेडिओवर बातमी आली, विद्यापीठाला नाव मिळालं. वॉर्डाबाहेर कुणी पेढे वाटत होतं. मी तीळगूळ घेऊन धावत आलो. तू डोळे मिटून पडला होतास आणि दोन्ही बाजूंनी पाणी कानांत उतरत होतं. मग डोळे पुसलेस आणि, तुझी खोड, म्हणालास, "बदललं न्हाई, पैलवान. लांबवलं. जुन्याच्या शेजारी बसवलं."

"मिळालं ना शेवटी? आनंद मान की लेका!"

"आनंदच हाय. गाऊ का?" आणि तू गायलास. आवाज उरला नव्हता, नुसते ओठ आणि श्वास. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. गाणं झाल्यावर तू म्हणालास, "शेजारी बसवलं. आता पंगतीत बसवतेत का बघू." मला त्याला उत्तर द्यायचं होतं. मी ठरवलं, उद्या देऊ, आज तू दमलायस. तू गेलास आणि ते उत्तर राहिलंच. काय दिलं असतं, ते मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

तर परवा. भगवानराव "कंसात वस्ती" म्हणाले आणि मी उठलो. म्हटलं, "ह्यानं जन्मभर त्या एका शब्दाशी भांडण केलं. मेल्यावर त्योच शब्द त्याच्या उरावर ठेवता का?" कुणी म्हणालं, "पैलवान, बसा, राजकारण करू नका." माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. भगवानरावांनी हात वर केले. "तापू नका. घरच्यांना इचारू. वहिनी, तुमी सांगा, काय नाव लिव्हायचं?"

बायकांमधून वहिनी उठल्या. पदर नीट केला. त्यांनी लग्नापासून एकदाही ते नाव उच्चारलं नव्हतं, दवाखान्यातसुद्धा नाही. माझी नजर आपोआप खाली गेली. वाटलं, आता त्या माझ्याकडं बघतील आणि मलाच सांगावं लागेल.

"किसन गायकवाड," वहिनी म्हणाल्या. खणखणीत.

"व्हय, पण त्याच्या पुढं..."

"पुढं काय न्हाई. किसन गायकवाड. एवढंच."

मागं कुणाचा तरी हुंदका फुटला. कौसल्याच होती. भगवानराव म्हणाले, "बरं. पण लोकांना कळावं कसं?" प्रश्न काही खोटा नव्हता. मी म्हटलं, "ते माझ्याकडं लागलं."

काल पेंटरला बोलावला. तालमीच्या पाटीवर माझं नाव होतंच. त्याला म्हटलं, पुढं कंस काढ आणि आत लिही, गावातला. पेंटरनं ब्रश खाली ठेवला. "पैलवान, असं कुणी लिव्हतं का?" मी म्हटलं, "तू लिही." चुलतभाऊ धावत आले. "हे काय थेर लावलेत? आपल्याला कशाला कंस पायजे? आख्खा गाव हसायलाय."

"हसू दे," मी म्हटलं. "त्याला कंस होता तवा कुणी इचारायला आलं न्हाई."

भावकीतली काही माणसं माझ्याशी बोलत नाहीत आता. एकजण रात्रीतून पाटी पुसून टाकू म्हणाला. पुसली तर परत लिहीन. दर चैत्रात निरोप धाडणाऱ्याचा मी दोस्त आहे, मला कंटाळा कसला? ओट्यावरचं तुझं नाव येत्या रविवारी लागेल. मी स्वतः उभा राहणार आहे, अक्षर न् अक्षर बघायला.

मला तुझी लय आठवण येते रे. सकाळी हॉटेलात दोन चहा सांगितले आणि दुसऱ्याकडं बघत बसलो.

आज दुपारी एक पाव्हणा तालमीच्या दारात उभा राहिला. पालमच्या गाडीनं उतरलेला, खांद्याला पिशवी. चैत्रातल्या जयंतीचं गाणं आत्तापासूनच ठरवायला आला होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. म्हणाला, "पूर्ण्याचे किसन गायकवाड हेच का?"

जन्मभर मी या प्रश्नाला एकच उत्तर दिलं. त्या ट्रॉलीवाल्यांनासुद्धा तेच दिलं. आजही ते ओठांवर आलंच होतं.

"न्हाई," मी म्हटलं. "किसन गायकवाड गेले. मी गावातला किसन. या, बसा, चा घ्या. मग त्यांच्या घरी घेऊन जातो."